हिरव्या पाण्यातला डोळा

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला दिवस होता, बाहेर पावसाची रिपरिप चालली होती आणि मी सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवीत होतो. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा बोलता बोलता थबकला, त्याची नजर भलतीकडेच लागली आणि तो धाडकन खाली कोसळला. हातपाय झाडू लागला. तोंडाला फेस आला. पोरे किंचाळत भिंतीला जाऊन भिडली. फेफरे!

अशा वेळी मास्तराने काय करावे? माझ्या आजीने जे केले असते तेच मी केले. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाशी धरली. दातखीळ बसलेली पाहून शिपायाला चमचा आणायला पिटाळले आणि तो दातांत घालण्याचा खटाटोप केला. दोन-तीन मिनिटांनी झटका आपसूक थांबला. श्रेय अर्थातच चपलेला मिळाले. मुलाचा पुढचा एक दात मात्र अर्धा तुटला होता, आणि तो माझ्या चमच्याने तुटला होता. हे त्याच्या आईला मी त्या दिवशी सांगितले नाही.

तालुक्याचे डॉक्टर मात्र दात पाहताच समजले. म्हणाले, "गुरुजी, फेफरे चपलेने थांबत नसते, ते आपल्या वेळेला थांबते. पुढच्या खेपेस पोराला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सारा, तोंडात काही म्हणजे काही घालू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेले तर तडक इकडे आणा."

मी विचारले, "पण डॉक्टरसाहेब, होते काय त्याच्या डोक्यात?"

"विजेचे वादळ होते म्हणा. एखाद्या कोपऱ्यात ठिणगी पडते आणि तारांतारांतून पसरत जाते."

"कोणत्या तारा?"

डॉक्टर हसले. "ते नेमके ठाऊक असते तर काय पाहिजे होते!"

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोटासाठी मास्तरकी आणि हौसेसाठी कादंबऱ्या, एवढा माझा संसार. शास्त्राचे पुस्तक हाती घ्यायला मी बिचकत असे. पण त्या अर्ध्या दाताने मला वाचायला लावले. त्या वाचनातून जे गवसले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे. चिवड्यात एखादा खडा लागलाच तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मेंदूच्या तारांची गोष्ट सुरू होते ती एका स्वयंपाकघरात. इटलीतील मिलान शहराजवळ अब्बियातेग्रास्सो नावाचे गाव आहे. तेथे असाध्य रोग्यांसाठी एक इस्पितळ होते. १८७२ मध्ये कामिल्लो गोल्जी नावाचा एक तरुण डॉक्टर तेथे मुख्य वैद्य म्हणून गेला. पगार बरा होता, पण संशोधनाला जागा नव्हती. तेव्हा त्याने इस्पितळातल्या एका स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक मांडला. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, असा काहीसा लोणच्याचाच प्रकार तो करीत असे. १८७३ मध्ये त्याने जाहीर केले की, अशा मुरवलेल्या तुकड्याची पातळ चकती पाहिली असता पिवळ्या जमिनीवर मज्जापेशी काळ्याभोर उठून दिसतात, फांद्या-डहाळ्यांसकट.

या युक्तीतली खरी मौज पुढेच आहे. गोल्जीच्या चांदीने सगळ्या पेशी रंगत नाहीत. शंभरात दोन-चारच रंगतात, आणि त्या मात्र टोकापर्यंत रंगतात. त्याच का रंगाव्यात याचा पुरता उलगडा झालेला नाही. पण सगळ्याच रंगल्या असत्या तर हाती एक काळा डाग आला असता! किर्र रानातले एखादेच झाड कोणी गेरूने रंगवून ठेवावे आणि मग त्याची फांदी न् फांदी ओळखता यावी, तसे झाले.

ते झाड नीट पाहिले मात्र दुसऱ्यानेच. स्पेनमधला सान्तियागो रामोन इ काहाल हा लहानपणी मोठा उपद्व्यापी. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवले म्हणून अकराव्या वर्षी कोठडीची हवा खाऊन आलेला. बापाने त्याला न्हाव्याकडे ठेवून पाहिले, चांभाराकडे ठेवून पाहिले. याचे लक्ष चित्रे काढण्यात. पुढे तो डॉक्टर झाला. १८८५ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत त्याने केलेल्या कामावर खूष होऊन सारागोसा प्रांताच्या सरकारने त्याला एक उत्तम जर्मन सूक्ष्मदर्शक भेट दिला. दिला तो कॉलऱ्यापायी. मेंदूचे नावही त्या वेळी कोणाच्या मनात नव्हते. दोन वर्षांनी माद्रिदमध्ये एका मित्राच्या घरी काहालने गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेली चकती पाहिली आणि त्याला झपाटल्यासारखे झाले. १८८८ मध्ये बार्सिलोनाला असताना त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घालून एक नियतकालिक काढले, आपली चित्रे छापली आणि प्रती परदेशी पंडितांना टपालाने धाडल्या. (पदरमोड करून मासिक काढणारा माणूस वेडा असतो हे मराठी वाचकांना सांगायला नकोच!) मेंदू म्हणजे एकसंध जाळे नव्हे, त्यातली प्रत्येक पेशी सुटी आहे आणि एक पेशी दुसरीच्या कानाशी लागून निरोप देते, असे त्याचे म्हणणे होते. गोल्जीला हे मुळीच मान्य नव्हते. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. एकाच व्यासपीठावर दोघांची लागोपाठ भाषणे झाली आणि गोल्जीने आपल्या भाषणात काहालचे मत खोडून काढले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दाखवली आणि काहालचे खरे ठरले.

पण काहालने पाहिले ते मेलेल्या मेंदूत. तारा दिसल्या, त्यांतून वीज केव्हा वाहते आणि तिने काय घडते ते कसे कळावे? माणसाच्या डोक्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. मेंदूत विजेची सुई खुपसली तर आसपासच्या हजारो पेशी एकदम चाळवतात. दिवाळीच्या रात्री डोंगरावरून गाव पाहिले तर सगळा लखलखाट दिसतो. पण पाटलाच्या माडीवरचा एकच दिवा लावून-विझवून पाहायचा असेल तर रोहित्राला हात घालून भागत नाही. १९७९ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी हेच गाऱ्हाणे मांडले. आनुवंशिकतेच्या रेणूची रचना शोधणाऱ्या जोडीतले हे एक. उतारवयात त्यांनी मेंदूचा ध्यास घेतला होता. ठराविक जातीच्या पेशी चालू कराव्यात आणि शेजारच्यांना धक्काही लागू नये, अशी काही युक्ती हवी, असे त्यांनी लिहिले. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यांनी पुस्ती जोडली की असा हुकूम द्यायला सर्वांत चांगला दूत म्हणजे प्रकाश. पण हे म्हणणे अंमळ अघळपघळ वाटेल, अशी कबुलीही दिली.

त्या युक्तीचे बी तोवर भलत्याच वाफ्यात रुजलेले होते, आणि तेथे मेंदूशी कोणाला कर्तव्य नव्हते.

ज्याने मिठागर पाहिले आहे त्याला पाणी आटत आल्यावर त्यावर चढणारी लालसर छटा आठवेल. त्या छटेत खाऱ्या पाण्यावरच जगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा मोठा वाटा असतो. त्यांपैकी एकाच्या अंगावरचे जांभळे द्रव्य म्हणजे आपल्या डोळ्यातल्या द्रव्याचा लांबचा भाऊबंद आहे, असे १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वाल्टर स्टोकेनियस यांनी दाखवले. उजेड पडला की हे द्रव्य पंपासारखे चालते. पुढे ओस्टरहेल्ट यांचा शिष्य पीटर हेगेमान याने जर्मनीतच दुसरा एक जीव धरला. त्याचे नाव क्लॅमिडोमोनास. नाव घेताना जीभ वळत नाही, पण ओळख आपली जुनीच आहे. डबक्याला हिरवा रंग आणणाऱ्या शेवाळांत हा एकपेशी जीवही असतो. पुढे दोन वल्ह्यांसारखे केस, पोटात हिरवे द्रव्य आणि कडेला एक ठिपका, तोच त्याचा डोळा. मेंदू नाही, मज्जा नाही, तरी उजेड कोठून येतो ते त्याला कळते आणि तो तिकडे पोहत जातो.

हे वाचल्यावर माझ्याने राहवेना. शाळेमागच्या हौदातले हिरवे पाणी मी काचेच्या बरणीत भरले, बरणीला काळा कागद गुंडाळला आणि एका बाजूला पैशाएवढे भोक पाडून ते भोक खिडकीकडे केले. दोन तासांनी कागद काढला तर भोकासमोर काचेला हिरवा टिळा लागलेला! पोरांनी बरणी फिरवून पुन्हा कागद लावला. मधल्या सुट्टीनंतर पाहतात तो टिळा पुन्हा खिडकीच्या अंगाला. आमचा तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी डबा खायलाही गेला नाही.

त्या ठिपक्यात एक दार असते. उजेड पडला की दार उघडते, बाहेरचे विद्युत्भारित कण आत शिरतात आणि पेशीत विजेची लहर उठते. आता पाहा, मज्जापेशीची वीज तरी आणखी काय असते? तिथेही दारेच उघडतात आणि कण आत-बाहेर करतात. मग शेवाळाचे दार मज्जापेशीला बसवले तर? हेगेमान, गेऑर्ग नागेल आणि अर्न्स्ट बाम्बेर्ग यांनी २००२ आणि २००३ मध्ये या दाराचे जनुक वेगळे काढून दाखवले. त्याला चॅनेलऱ्होडॉप्सिन असे नाव मिळाले. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे कार्ल डायसरॉथ नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी आणि एड बॉयडन, फेंग झांग या तरुणांनी ते जनुक, निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर बसवून, बशीतल्या मज्जापेशींत धाडले. निळा उजेड टाकला की पेशी पेटे, उजेड काढला की गप्प. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकाबरोबर अशी चिठ्ठीही जोडता येते की अमुक जातीच्या पेशीनेच ते वाचावे, इतरांनी नाही. पाटलाच्या माडीवरच्या दिव्याची कळ ती हीच! प्रकाशाने पेशी हलवण्याचा मान मात्र आधी गेरो मीझनबॉक यांचा. त्यांनी माशीच्या डोळ्यातली सामग्री वापरून २००२ मध्येच ते केले होते. क्रिक २००४ मध्ये वारले. एक वर्ष आधी गेले.

यापुढचे एक काम वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात फेफऱ्याच्या उंदरांवर प्रयोग झाला. डोक्यातले वादळ सुरू होताच यंत्राला ते कळे, बारीक काचतंतूतून मेंदूच्या नेमक्या जागी प्रकाश पडे आणि झटका तेथेच आटपे. न चप्पल, न चमचा.

त्याच वर्षी, २ एप्रिल २०१३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी मेंदूच्या शोधासाठी सरकारी योजना जाहीर केली. 'ब्रेन इनिशिएटिव्ह' हे तिचे नाव. पहिल्या वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर. ती आखणाऱ्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पाच वर्षांत भर द्यायला सांगितला तो रोग बरे करण्यावर नव्हे, हत्यारे बनवण्यावर. सुताराला आधी रंधा द्या, कपाटाचे मागाहून बोला, असा हिशेब.

येथे वाचक विचारील, आणि विचारावेच, की लोकांच्या कराचा पैसा शेवाळावर आणि माशांवर का उधळावा? हा प्रश्न आपल्या मुंबईतही कधीकाळी विचारण्याजोगा होता. १९६२ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उघडला. संस्था कुलाब्याला, समुद्राच्या काठी, अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चाललेली. पुढे सिद्दिकींनी फळमाशी धरली. पिकल्या केळ्यावर घोंगावते ती चिलटाएवढी माशी. ऊन वाढले की काही माशा लुळ्या होऊन पडतात आणि गार झाले की उठून चालू लागतात. अशा जन्मतः सदोष वाणांवर त्यांनी अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्यासमवेत केलेले काम १९७६ मध्ये छापले गेले. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते. सरकार माशा पाळायला पगार देते असे तेव्हा त्यांच्या कानी पडते, तर त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवून कपाळाला हात लावला असता. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही.

पण ऐका पुढे काय झाले ते. उन्हाने कोसळणाऱ्या त्या माशांत 'पॅरा' नावाचा एक वाण होता. त्याचा दोष कोठे आहे ते पुढे सापडले: मज्जापेशीतल्या सोडियमच्या दारात. त्याच घराण्याचे दार माणसाच्या मेंदूतही आहे, आणि त्याच्या एका जनुकात बिघाड असला की तान्ह्या मुलांना ताप चढताच फेफऱ्याचे झटके येतात. केळ्यावरची माशी आणि तापाने फणफणलेले मूल, दोघांच्याही मज्जेची दारे अशी एकाच सुताराने घडवल्यासारखी आहेत. आमच्या मुलाचे दुखणे त्यातले नव्हते, हे सांगून टाकतो. फेफऱ्याची कारणे पुष्कळ असतात.

सिद्दिकींच्या शिष्यांत व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही एक होती. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचे, आणि संशोधनासाठी ती आली मुंबईला. माशीला वास कसा कळतो हा तिचा विषय. वेगवेगळे वास माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या जागा जागवतात, हे तिने किरणोत्सारी साखर वापरून दाखवले. जी पेशी राबते ती साखर जास्त खाते, आणि किरणांवरून खाणारी पेशी सापडते! जर्मनीत आणि मुंबईत केलेल्या या कामाचा निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये ती कर्करोगाने गेली. ऐन उमेदीत गेली.

तिच्या हयातीत माशीच्या मेंदूचा पुरा नकाशा नव्हता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या मेंदूचे सुमारे ७,००० काप काढले गेले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेतले गेले आणि तारा जुळवण्याचे काम आधी संगणकाने आणि मग शेकडो माणसांनी डोळ्यांत तेल घालून केले. मोजदाद निघाली १,३९,२५५ पेशींची आणि पाच कोटींहून अधिक जोडांची. प्रिन्स्टनच्या माला मूर्ती आणि सेबॅस्टियन स्यूंग हे या कामाचे म्होरके. पैसा मुख्यतः त्याच सरकारी योजनेतला. यापूर्वी मोठ्या प्राण्याचा असा पुरता नकाशा नव्हताच. १९८६ मध्ये केंब्रिजला, तेही ब्रिटिश सरकारच्या पैशावर, एका कृमीचा झाला होता. त्याच्या मज्जापेशी सगळ्या मिळून ३०२.

आणि नकाशा छापून येत होता त्याच सुमारास तिजोरीला कात्री लागली होती. २०२३ च्या आर्थिक वर्षात या योजनेला ६८ कोटी डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ४० कोटी २० लाख, २०२५ मध्ये ३२ कोटी १० लाख. दोन वर्षांत निम्म्याहून खाली. तिकडच्या लोकप्रतिनिधींनाही माझ्या वडिलांचाच प्रश्न पडला असेल, फरक इतकाच की त्यांच्यापैकी कोणी सुकडी खाल्लेली नव्हती.

शेवाळाच्या दाराचा माणसाला उपयोग झाला की नाही, ते सांगायचे राहिले. फ्रान्समध्ये एक गृहस्थ होते, वय ५८. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या दृष्टिपटलाचा क्षय सुरू झाला होता. उजेड-अंधार यापलीकडे काही कळत नव्हते. होजे-आलँ साहेल आणि बोटोंड रोस्का या डॉक्टरांच्या चमूने त्यांच्या एका डोळ्यात शेवाळी कुळातल्याच एका दाराचे जनुक टोचले. पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी मेल्या होत्या. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या शिल्लक होत्या, त्यांनाच हे दार बसवले. खास चष्मा दिला, तो समोरचे दृश्य पिवळसर किरणांत बदलून डोळ्यात टाकी. कित्येक महिने सराव चालला. आणि मग ते गृहस्थ टेबलावरची वही चाचपडत नव्हे, पाहून उचलू लागले. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आपल्याला दिसतात, असे त्यांनी सांगितले. ही हकिकत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहरे मात्र त्यांना ओळखता आले नाहीत. तेवढी दृष्टी अजून कोणाच्या हातची नाही.

आमचा तो मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. गावात मोटारी दुरुस्त करतो. दात त्याने बसवून घेतला, चमच्याचे मी त्याला पुढे कबूल केले तेव्हा म्हणाला, "ठाऊक होते, गुरुजी." गोळ्या चालू आहेत, तीन वर्षे झटका नाही. परवा आकाशकंदिलाची तार ओढायला तो माझ्याकडे आला होता. शिडीवर उभा असताना मी त्याला उंदरांची आणि त्या फ्रान्सच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्याने तारेला चिकटपट्टी गुंडाळली, खाली उतरला आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, माझ्या गोळ्या कधी सुटायच्या?"

मी म्हटले, "ते मला नाही सांगता यायचे. आजची घेतलीस का?"

"जेवल्यावर घेतो," म्हणाला, आणि त्याने बटण दाबले.